जेफर्सनची शेतवही

बॉस्टन येथे १७९१ साली स्थापन झालेल्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या दप्तरात, जिथे शाईच्या लेखणीस मज्जाव असून वाचकाच्या हाती केवळ पेन्सिल राहू देतात, टॉमस जेफर्सनच्या स्वहस्ताक्षरातील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची एक प्रत आणि त्याच हाताने लिहिलेली त्याच्या मळ्यांची वही, ही दोन्ही सुखेनैव नांदत आहेत. जाहीरनामा पाठ्यपुस्तकांतून कुणाच्याही परिचयाचा; आज मला खिळवून ठेवले ते वहीने. कुणास किती कापड दिले, कुणाच्या वाट्यास घोंगडी आली, कोण कोणत्या साली जन्मला, हे सारे हा तत्त्वज्ञ एखाद्या कसलेल्या फडणिसाच्या शिस्तीने, बारीक व नेटक्या अक्षरात टिपून ठेवतो. गुलामांची ही गणती मालमत्तेचीच गणती होय, हे वेगळे सांगणे नलगे.

जेफर्सनच्या गुलामगिरीतील स्त्री सॅली हेमिंग्ज हिची कन्या हॅरिएट हिच्या नावापुढे १८२२ साली ती पळाल्याची त्रोटक नोंद आहे. परंतु मळ्याचा कारभारी एडमंड बेकन याच्या उत्तरायुष्यातील आठवणी पाहाव्यात, तर धन्याच्याच हुकमावरून आपण तिला फिलाडेल्फियापर्यंतचे गाडीभाडे आणि वर ५० डॉलर दिले, असे तो सांगतो! (हॅरिएटचा पिता जेफर्सनच, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात, बेकनला मात्र ते मान्य नव्हते.) वहीत खोटे लिहिणारा हा हिशेबनीस कुणापासून काय लपवीत होता, की केवळ रकाना भरीत होता? हॅरिएट पुढे वॉशिंग्टनमध्ये एका गोऱ्या गृहस्थाशी विवाहबद्ध झाली, असे तिचा बंधू मॅडिसन याने १८७३ साली एका वृत्तपत्रास सांगितले. त्या गृहस्थाचे नाव मात्र त्याने सांगितले नाही.