बिनआवाजाची मदत

उतारवयात माणसाने चढ चढू नयेत, असे आमच्या हिचे मत आहे. मलाही ते मान्य होते. पण म्युनिकला मुलाकडे राहायला गेलो, आणि चिरंजीव दर रविवारी साधी माउंटन बाइक घेऊन टेगर्नझेच्या डोंगरांत नाहीसे होऊ लागले. मी खिडकीत. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी विजेची हलकी माउंटन बाइक घेऊ. तुम्ही पुण्याला गेलात की तुमची सून चालवील."

'हलकी' या शब्दाला मी भुललो. दुकानात कळले की हलकी म्हणजे अठरा-एकोणीस किलो! माझी पुण्यातली काळी सायकलही याच वजनाच्या घरातली. पण तिला हलकी म्हणण्याचे धाडस मी कधी केले नव्हते.

"पूर्ण ताकदीची घेतली तर तेवीस-चोवीस किलो," मुलगा म्हणाला. "तिची मोटर ८५ न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त जोर लावते. हलकीची मोटर दोनेक किलोंची, जोर पन्नास-पंचावन्न."

न्यूटनशी माझे संबंध मॅट्रिकलाच संपले होते, आणि तेही सलोख्याने नव्हे. मी फक्त मान हलवली.

अखेर दोन स्थळे उरली. पहिले बॉशच्या एसएक्स मोटरचे : ५५ न्यूटन-मीटर, ऐन भरात ६०० वॉट, बॅटरी ४०० वॉट-तासांची. दुसरे टीक्यूच्या एचपीआर ५० मोटरचे : ५० न्यूटन-मीटर, ३०० वॉट, बॅटरी ३६०ची. ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलात की दोघीही कायद्याने हात काढून घेतात; पुढे तुम्ही आणि तुमचे पाय. गुणपत्रिका पाहून लग्न ठरत असते तर पहिलीशी तिथेच सुपारी फुटली असती.

पण दुकानामागच्या चढावर दोघींना चालवून पाहिले. पहिलीचे ते सहाशे वॉट पाय भराभर फिरवले तरच पुरते हाती येतात. म्हणजे बँकेच्या कर्जासारखेच! ज्याच्यापाशी आधीच आहे, त्याला आणखी. शिवाय कामाला लागली की ती गुणगुणते. दुसरी मात्र इतकी गप्प, की ती चालू आहे ना म्हणून मी दोनदा वाकून पाहिले. चढ मात्र संपला होता.

"बाबा, सहाशे कुठे, तीनशे कुठे!" मुलगा म्हणाला.

"तीनशेवालीच घे. आवाज नाही तिला."

रानातल्या शांततेची मला ओढ असावी, असे त्याला वाटले. मी तसे वाटू दिले.

हा सहा वर्षांचा असताना मी त्याला सायकल शिकवली. सीट धरून मागे धावायचो. "बाबा, धरलंय ना?" तो पुनःपुन्हा विचारी. "धरलंय रे!" मी ओरडत असे, हात केव्हाच सोडलेला असायचा.

त्या रविवारी टेगर्नझेच्या वरच्या चढावर तो घामाघूम होऊन पायडल मारत होता. मी त्याच्या बरोबरीने. त्याने वळून पाहिले.

"बाबा, मोटर चालू आहे ना?"

"छे रे!" मी म्हणालो. "बंद आहे केव्हाची!"