दवाखान्यातच का वाढतं माझं बीपी?

"डॉक्टर, घरी बघितलं तेव्हा १२८ होतं हो. तुमच्याकडे आलं की वाढतंच बघा!"

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य माझ्या कानावर पडतं. म्हणणारी माणसं जरा ओशाळलेली असतात. आपण भित्रे ठरू, किंवा गोळी टाळायला बहाणा करतोय असं डॉक्टरांना वाटेल, ही शंका त्यांच्या मनात असते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, तुमचं म्हणणं खरं असू शकतं. या प्रकाराला वैद्यकशास्त्रात नावही आहे, 'व्हाइट कोट हायपरटेन्शन', म्हणजे डॉक्टरांचा पांढरा कोट पाहून वाढणारा रक्तदाब. पण तुमच्या बाबतीत ते खरं आहे की नाही, हे तुम्हाला किंवा मला नुसत्या अंदाजानं ठरवता येत नाही. ते मोजूनच ठरवावं लागतं.

नेमकं काय होतं?

रक्तदाब हा उंचीसारखा एकदा मोजून लिहून ठेवायचा आकडा नाही. झोपेत तो उतरतो, जिना चढताना वाढतो, भांडताना तर फारच वाढतो. दवाखान्यात तुम्ही तासभर बाकावर बसलेले असता. आत बोलावणं येतं आणि "आज किती निघतंय कोण जाणे" ही धाकधूक सुरू होते. मेंदू याला धोका समजतो. अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं, हृदयाचे ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतं. यासाठी तुम्हाला भीती 'वाटायलाच' हवी असं नाही. माझ्याशी हसत-खेळत गप्पा मारणाऱ्यांचं बीपीही तपासणीच्या वेळी वीस-पंचवीसनं वर गेलेलं असतं.

१९८३ साली इटलीतल्या ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार चांगल्या रीतीनं दाखवून दिलं. त्यांनी रुग्णांच्या धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाब सलग नोंदवला. डॉक्टर खाटेजवळ येऊन बीपी मोजायला लागले की पहिल्या चार मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ नं आणि खालचा १५ नं वाढत होता. दहा मिनिटांनी तो बराचसा खाली येत होता. पुढच्या एका अभ्यासात त्यांना असं दिसलं की नर्सनं मोजल्यावर ही वाढ जवळपास निम्मीच होते! १९८८ साली अमेरिकेतल्या थॉमस पिकरिंग यांनी, दवाखान्यात थोडंसं जास्त बीपी निघणाऱ्या पण औषध सुरू नसलेल्या २९२ जणांना दिवसभर यंत्र लावून पाहिलं. त्यातल्या २१ टक्के लोकांचं बीपी एरवी नॉर्मल होतं.

डॉक्टरही याला अपवाद नाहीत. विम्याच्या तपासणीसाठी मी दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा माझं बीपी १४८/९२ भरलं. रोज लोकांच्या दंडाला पट्टा बांधणारा मी, स्वतःच्या दंडाला पट्टा लागल्यावर मशीनच्या आकड्याकडे टक लावून बसलो होतो. त्या आठवड्यात घरी मोजलेली सरासरी १२४/७८ होती.

मग एवढं महत्त्वाचं काय आहे त्यात?

दोन रुग्णांबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

पहिल्या, साधारण सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका. मनगटाचं हाड मोडल्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. पहाटे बाथरूमला जायला उठल्या, चक्कर आली आणि पडल्या. फाइलमध्ये गेल्या तीन वर्षांचे कागद होते. प्रत्येक वेळी बीपी १६० च्या पुढे आणि प्रत्येक वेळी औषधात थोडी वाढ. त्यात कुणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. कागदावर दवाखान्यातल्या आकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. मुलीनं आठवडाभर घरी बीपी मोजलं, तेव्हा ते सकाळी १०४ ते ११० निघालं. उठून उभं राहिल्यावर त्याहून कमी. तीन गोळ्यांची हळूहळू एक गोळी केली. चक्कर थांबली, घरचं बीपी १२६ च्या आसपास राहिलं. माझ्यासमोर मात्र आजही १५० निघतं.

दुसरे, पंचेचाळिशीचे एक रिक्षाचालक. "साहेब, इथंच वाढतं, घरी काही नसतं," असं ते दोन वर्षं म्हणत होते. घरी कधी मोजलंय का, विचारलं तर नाही. शेवटी शेजाऱ्यांचं मशीन आणून त्यांनी सात दिवस नीट मोजलं. सरासरी आली १५४/९८. लघवीच्या तपासणीत प्रथिनं जात असल्याचं दिसलं, म्हणजे मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाला होता. तेव्हापासून गोळी नियमित चालू आहे.

दोघांचं दवाखान्यातलं बीपी जवळजवळ सारखंच होतं. एकीला औषध जास्त होत होतं, दुसऱ्याला औषधाची गरज असून ते मिळत नव्हतं. त्या एका आकड्यावरून हा फरक कळला नसता.

घरी कसं मोजायचं?

दंडाला पट्टा बांधायचं, चांगल्या दर्जाचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन त्या मानानं बेभरवशाची. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्यानं बीपी उगाच जास्त दिसतं. मशीन आणलं की एकदा माझ्याकडे घेऊन या, शेजारी शेजारी मोजून तपासू.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीवर. मोजताना बोलू नका, मोबाइल बाजूला ठेवा. बाहीवरून पट्टा बांधू नका.

सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. संध्याकाळी पुन्हा तसंच दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण नवीन मशीनचीही धास्ती असतेच. उरलेल्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही हद्द मानतात, घरी मात्र १३५/८५. सरासरी त्याच्या आत असेल तर ठीक, तेवढी किंवा वर असेल तर बीपी खरंच वाढलेलं आहे असं धरायचं.

तरीही शंका राहिली तर २४ तासांची तपासणी करता येते. दंडाला पट्टा आणि कमरेला छोटं यंत्र लावून घरी जायचं. ते दिवसा-रात्री ठरावीक वेळानं आपोआप बीपी मोजत राहतं. झोपेतलं बीपी कळतं, हा त्याचा मोठा फायदा. या तपासणीत २४ तासांच्या सरासरीची हद्द १३०/८० आहे.

घरी नॉर्मल निघालं, म्हणजे सुटलो?

निम्मं हो, निम्मं नाही. फक्त दवाखान्यात बीपी वाढणाऱ्या बहुतेकांना लगेच गोळीची गरज नसते. पण यांतल्या काहींना पुढे काही वर्षांत खरोखरचा उच्च रक्तदाब होतो. त्यामुळे दर काही महिन्यांनी असा एक आठवडा मोजत राहा, वर्षातून एकदा दाखवून जा. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी आणि ईसीजी एकदा करून घ्या. दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. रोज अर्धा तास चाला आणि तंबाखू सोडा.

याच्या उलटही असतं. काहींचं बीपी माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखं नॉर्मल असतं आणि घरी, कामावर वाढलेलं असतं. हे जास्त धोक्याचं, कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. घरात बीपीचा इतिहास असेल, मधुमेह असेल, सिगारेट असेल किंवा कामाचा ताण फार असेल, तर दवाखान्यात नॉर्मल निघूनही एकदा घरी मोजून बघा.

दोन सूचना

पहिली, घरचे आकडे चांगले आले म्हणून चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. ते गोळीमुळेच चांगले असू शकतात. काही गोळ्या एकदम बंद केल्यास बीपी उसळतं. वही घेऊन या, मग ठरवू.

दुसरी, दिवसातून वीस वेळा मोजू नका. रात्री दोनला उठून मोजायचं, जास्त आलं म्हणून घाबरायचं, घाबरून पुन्हा मोजायचं आणि ते आणखी वाढायचं, असं चक्र सुरू झालेले लोक मी पाहतो. ठरलेल्या वेळी मोजा आणि मशीन कपाटात ठेवा. अपवाद एकच. बीपी १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं यांपैकी काहीही असेल, तर "भीतीनं वाढलं असेल" म्हणत घरी थांबू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

पुढच्या वेळी येताना वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि नाडीचे ठोके लिहून आणा. चांगले आकडे तेवढे लिहायचे आणि वाईट गाळायचे, असं मात्र करू नका. वरच्या रिक्षावाल्या दादांनी त्यांचे सगळे आकडे जसेच्या तसे लिहिले होते, म्हणूनच त्यांचं मूत्रपिंड वेळेत लक्षात आलं.