गेम का अटकतो?

बालमित्रांनो, चित्रपटात एका सेकंदाला 24 स्थिर चित्रे पडद्यावरून भराभर सरकतात आणि आपल्याला माणसे चालताना दिसतात, हे तुम्ही वाचले असेल. कॉम्प्युटर गेमचेही तसेच. फरक एवढाच, की चित्रपटातली चित्रे आधीच तयार असतात. गेममधली मात्र तुम्ही बटण दाबाल तशी त्याच क्षणी काढावी लागतात. तीही सेकंदाला 60! म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, की गेम अडखळलाच.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, गेम लई अटकायलाय. रॅम वाढवली की पळंल का ओ?" सोबत त्याचे वडील होते. हळदीची पट्टी नुकतीच हाती आली होती. ते म्हणाले, "दुकानदार म्हणतो, नवाच कॉम्प्युटर घ्या. पण ह्याच पैशात थोरलीच्या कॉलेजची फी भरायचीय. सर, तुम्हीच सांगा."

मी विचारले, "हळद काढायला वीस माणसं लावली, पण शिजवायचा कुकर एकच अन् तोही लहान. मग?"

"ढीग पडून राहतो की!"

"आणखी दहा माणसं लावली तर?"

"काय उपयोग? कुकर मोठा पाहिजे."

कॉम्प्युटरचेही अगदी असेच! जो भाग सर्वांत मंद, त्याच्याच चालीने गेम चालतो.

आता हे भाग कोणते? प्रोसेसर हिशोब करतो: चेंडू कुठे पडला, गाडी कुठे वळली. ग्राफिक्स प्रोसेसर चित्र रंगवतो. पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतील, तर ते सेकंदाला 60 वेळा रंगवायचे. करा बरे गुणाकार! 12 कोटी 44 लाख 16 हजार! म्हणून या चिपमध्ये पुष्कळ छोटे भाग एकाच वेळी कामाला लागतात. एनव्हिडिया कंपनीने 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून 'जीफोर्स 256' आणला तो 1999 मध्ये. परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेही 1999 सालीच! मोठ्या, देखण्या गेमसाठी बहुतेक वेळा याच भागाला सर्वांत जास्त महत्त्व असते.

रॅम म्हणजे कामाचे टेबल. ते लहान पडले तर सामान सारखे कपाटातून आणावे लागते आणि गेम झटके खातो. पण पुरेसे असेल, तर आणखी वाढवून वेग फारसा वाढत नाही. एसएसडी लावली की गेम लवकर उघडतो. चित्रे मात्र त्यामुळे क्वचितच भराभर निघतात.

मग मंद भाग ओळखायचा कसा? गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन कमी करा. गेम सुरळीत झाला, तर ग्राफिक्सचा भाग कमी पडत होता. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर किंवा दुसरेच काही.

त्या मुलाला मी आणखी एक विचारले, "सुरू केल्या केल्या अटकतो का?"

"नाही सर. पंधरा-वीस मिनिटं मस्त चालतो, मग अटकतो."

इथेच मेख होती! चिप फार तापली की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करते. रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. प्लग काढून ठेवला आणि कॅबिनेट उघडले. पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत धुळीचा थर! मऊ ब्रशने आम्ही तो हलकेच काढला, कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे सरकवले. मुलगा तासभर खेळला. गेम अटकला नाही. रॅम घ्यावी लागली नाही, नवा कॉम्प्युटरही नाही. थोरलीची फी वेळेवर भरली गेली.

पालकांनो, दर वेळी एवढ्यावर भागेलच असे नाही. कधी खरोखरच ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. तेव्हा आपला पॉवर सप्लाय त्याला पुरेल का, हे आधी विचारा. आणि मुलांनो, बाबांकडे पैसे मागण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: गेम कधी अटकतो, किती वेळाने अटकतो आणि रिझोल्यूशन कमी केल्यावर काय होते. मग ती वही घेऊनच दुकानात जा. कॅबिनेट मात्र मोठ्या माणसाशिवाय उघडायचे नाही, बरे का!