लोखंडी कढई

परवा पुतणीचा फोन. "काकू, ती लोखंडी कढई आधी काढून टाक बघू! काकांच्या आजारात मेंदूत लोह साठतं म्हणे."

कढई सासूबाईंची. हे वाचणाऱ्या निम्म्या नातेवाइकांनी तिच्यातली मेथी खाल्लेली आहे.

यांना पार्किन्सन्स होऊन चार वर्षं झाली, हे बहुतेकांना माहीतच आहे. आधी हात नाही, अक्षर बदललं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत ओळीच्या शेवटी अक्षरं मुंगीएवढी व्हायची. जन्मभर शुद्धलेखनं तपासलेली मी... वाटलं, घाई करतात. चिडलेसुद्धा. असो.

मी मराठीची बी.ए. रसायनशास्त्र अकरावी मॅट्रिकला सुटलं ते सुटलंच. पण पुतणीच्या फोननंतर भाच्याला बसवून सगळं समजून घेतलं. पेशीत प्रथिन तयार होतं ती आधी नुसती लांब साखळी. बहुतेक प्रथिनं नीट घडी पडल्यावरच कामाला येतात. मेंदूतलं अल्फा सिन्यूक्लिन मात्र एरवी सैलच असतं, दोरीवरच्या ओढणीसारखं. या आजारात त्याच्या भलत्याच घड्या पडतात आणि एकाला एक चिकटून गुठळ्या होतात. या गुठळ्या फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये पाहिल्या होत्या. आत हे प्रथिन आहे हे कळायला १९९७ उजाडलं!

आता लोह. पेशीत ते फेरिटिन नावाच्या डब्यात बंद असतं. एका डब्यात साडेचार हजार अणू मावतात. (हा डबाही प्रथिनाचाच, बरं का.) पण बाहेर मोकळं राहिलेलं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. तो इतका दांडगा की समोर येईल त्याला ओरबाडतो. प्रथिनांच्या घड्या विस्कटतात आणि त्या आवरणारी पेशीतली यंत्रणाही थकते. शिवाय लोह सिन्यूक्लिनला चिकटून गुठळ्यांना हातभार लावतं. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा भागात लोह जास्त आढळतं, हेही खरं. म्हणजे पुतणीचं तेवढं बरोबर.

मग मी भाच्याला म्हटलं, काढून टाका ना ते लोह!

तेही करून झालंय म्हणाला. थॅलॅसेमियाच्या रुग्णांमध्ये साठलेलं लोह काढायला डेफेरिप्रोन नावाचं औषध देतात. युरोपात पार्किन्सन्सच्या ३७२ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना ते ३६ आठवडे दिलं. निकाल २०२२ मध्ये छापून आला. मेंदूतलं लोह कमी झालं, अगदी ठरवल्याप्रमाणे. आणि आजार मात्र वाढला. औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना मधेच नेहमीची औषधं सुरू करावी लागली, दुसऱ्या गटात तीन टक्क्यांनाही नाही. कारण असं सांगतात की ज्या डोपामिनची या आजारात टंचाई, ते बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं.

हे ऐकलं आणि मी चष्मा काढून नुसती बसून राहिले. खरं सांगते, दोन दिवस मनात आशा धरून होते.

कढईचं म्हणाल तर, अन्नातलं लोह किती आत घ्यायचं ते शरीर ठरवतं. ते उठून सरळ मेंदूत जात नाही. डॉक्टरांनी एकच बजावलंय, लोहाची गोळी आणि यांची लेव्होडोपाची गोळी एका वेळी द्यायची नाही. लोह त्या औषधाला धरून बसतं, अंगी लागू देत नाही. मी आता दोन्हींमध्ये चांगलं अंतर ठेवते, वेळा वहीत लिहून.

पुतणीला कळवलंय. रविवारी ये, मेथी करते.