स्वमग्न नातवंडासह माथेरान

माथेरानच्या माथ्यावर मोटारीचा भोंगा ऐकू येत नाही. रुग्णवाहिकेसारखा अपवाद वगळता सर्व मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या, गर्द झाडीतल्या वाटांवरून पायी, घोड्यावरून किंवा छोट्या आगगाडीने जायचे. अलीकडे मर्यादित संख्येने ई-रिक्षाही धावतात. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचे हे ठिकाण थंड हवेसाठी प्रसिद्धीस आले. आज मात्र या डोंगराचा विचार आपण एका वेगळ्या कारणासाठी करू.

ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल आहे, त्या घराचे प्रवास हळूहळू थांबतात. प्रथम लग्नसमारंभ टळतात, मग गावची जत्रा, शेवटी साधी सहलसुद्धा. पुष्कळदा आजी किंवा आजोबा मुलासोबत घरी राहतात आणि उरलेले कुटुंब जाऊन येते. मुलाचे जग असे चार भिंतींत आक्रसत जाते आणि सांभाळणाऱ्याचेही. पुन्हा घराबाहेर पडायचे, तर आरंभ कोठून करावा? माथेरान हे त्याचे एक चांगले उत्तर आहे. येथे सर्वांनाच सावकाश चालावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना आणि दर झाडापाशी थबकणाऱ्या मुलाला ती गती सारखीच मानवते.

स्वमग्न मुलाला अनेकदा त्रास होतो तो अनपेक्षित गोष्टींचा. पुढे काय घडणार हे ठाऊक असले, की त्याची निम्मी धास्ती ओसरते. या दृष्टीने नेरळ ते माथेरान ही १९०७ साली सुरू झालेली दोन फुटी रुळांची गाडी फार सोयीची आहे. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान, अशी मोजकी पाच स्थानके ती ठरलेल्या क्रमाने घेते. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी पुठ्ठ्याच्या लांब पट्टीवर या पाच स्थानकांची चित्रे किंवा छायाचित्रे चिकटवा. रोज एकदा बोट ठेवून ती मुलाला दाखवा. गाडीत प्रत्येक स्थानक मागे पडले, की त्यालाच त्यावर खूण करू द्या. जे मूल बोलत नाही, तेही या पट्टीवर ‘आता येथे, मग तेथे’ हे समजून घेऊ शकते. हीच पद्धत शाळेच्या सहलीलाही उपयोगी पडते; म्हणून ती पट्टी मुलाच्या शिक्षकांना अवश्य दाखवा.

या प्रवासाला सुमारे अडीच तास लागतात. वळणांवर चाके करकरतात, शिट्टी वाजते, वाटेत एक लहानसा बोगदा येतो. त्यांचीही चित्रे पट्टीवर असू द्या. काही मुलांना गाडीची लय अतिशय आवडते, तर काहींना तो आवाज सोसत नाही. आपले नातवंड कसे आहे हे आपणच जाणता. आवाज सोसत नसेल, तर कान झाकणारे हेडफोन जवळ ठेवा किंवा दस्तुरीपर्यंत मोटारीने येऊन अमन लॉजपासूनची छोटी फेरी घ्या. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते. ही छोटी फेरी मात्र साधारणपणे चालू राहते. शनिवार-रविवार टाळा. नाक्यावरची रांग आणि बाजारपेठेतली गर्दी त्या दिवशी डोंगराची शांतता हिरावून घेतात.

वर पोहोचल्यावरही काही गोष्टी मुलाला अनोळखी असतील. घोड्यांचा व लिदीचा वास, पायांना लागणारी तांबडी धूळ, आणि हातातला खाऊ हिसकावणारी माकडे. खाऊ बंद पिशवीत ठेवा आणि घरचे सवयीचे पदार्थ पुरेसे न्या. नव्या ठिकाणी नव्या चवीचा आग्रह नको. निवास बाजारापासून दूर घ्या. रोजची चादर किंवा उशी सोबत असली, तर झोप लवकर लागते.

एका बाबतीत मात्र कमालीची दक्षता हवी. बहुतेक ‘पॉइंट’ हे खोल कड्यांच्या टोकावर आहेत. स्वमग्न मुले अचानक हात सोडून निघून जाऊ शकतात, आणि त्यांतील कित्येकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. म्हणून कड्यांपाशी आणि शार्लोट तलावापाशी एका मोठ्या माणसाने फक्त मुलाकडे लक्ष द्यावे. छायाचित्रे दुसऱ्याने काढावीत. धावणारे मूल आपल्याला आवरणार नसेल, तर तरुण माणसाशिवाय तेथे जाऊ नका. मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. अंधार पडण्यापूर्वी परतावे.

मूल वाटेत अनावर झाले, कान झाकून रडू लागले, तर तो हट्ट समजू नका. आवाज, गर्दी किंवा थकवा त्याच्या सोसण्यापलीकडे गेला आहे. त्याला बाजूला सावलीत न्या, कमी बोला, कानांवरचे हात काढू नका, ‘माझ्याकडे बघ’ असे म्हणू नका. शांत होण्यास लागेल तेवढा वेळ द्या. बघ्यांना एकच वाक्य पुरे : “त्याला ऑटिझम आहे, थोडी मोकळी जागा द्या.” यात लाजण्यासारखे काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे; सार्वजनिक जागा या मुलांचीही आहे.

आपल्या प्रकृतीचाही विसर पडू देऊ नका. नेहमीची औषधे दोन दिवस जास्त पुरतील एवढी घ्या, काठी घ्या, आणि मुलाची राखण घरातील माणसांनी पाळीपाळीने करावी. सगळे पॉइंट पाहिलेच पाहिजेत असे नाही. एका झाडाखाली मुलाने तासभर तांबडी माती बोटांतून गाळली आणि आपण शेजारी निवांत बसलात, तरी सहल झाली. घरी परतल्यावर ती पट्टी फेकू नका, भिंतीवर लावा. पुढच्या प्रवासाची पट्टी करताना मुलाला दाखवायला ती हाताशी राहील.