मीटर बंद, गप्पा चालू

परदेशातल्या ट्रिपचं बजेट करताना आपण सगळे जाम हुशार असतो. विमानाचं तिकीट, हॉटेल, वॉटर स्पोर्ट्स, येताना ऑफिसात वाटायची चॉकलेटं... सगळ्याची एक्सेल शीट तयार. त्यात एक रकाना मात्र हमखास कोरा राहतो. फोनचा! 'वाय-फाय असेल की हॉटेलात', असं म्हणून आपण मोकळे होतो आणि मग परत आल्यावर बिल बघून घाम फुटतो.

मॉरिशसला सहा दिवस जायचं ठरलं, तेव्हा नवऱ्यानं जाहीर करून टाकलं, "सहा दिवस दोघांचेही फोन बंद. आपण बेटावर चाललोय, ऑफिसच्या दुसऱ्या ब्रँचला नाही." आयडिया सॉलिड होती. पण साताऱ्याला बाबांची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. फोन बंद ठेवणं शक्यच नव्हतं. घरी रोज बोलायचं, पण खिशाला भोक पाडायचं नाही, असा मामला होता.

आणि यात खरी अडचण रोमिंगची नव्हती, आईची होती.

आमची आई एसटीडीच्या जमान्यातली. रात्री अकरानंतर दर पावपट व्हायचा, म्हणून पीसीओबाहेर रांग लावणारी ही पिढी. काचेच्या केबिनमध्ये समोर लाल आकडे पळताहेत आणि आपण बोलतोय, "बरे आहोत, तुम्ही बरे ना, ठेवते!" परदेशी फोन म्हणजे तर चैनच. 2002 पर्यंत ती मक्तेदारी व्हीएसएनएलकडे होती. त्याच वर्षी एप्रिलपासून इंटरनेटवरून परदेशी बोलायला परवानगी मिळाली आणि सायबर कॅफेत हेडफोन लावून अमेरिकेतल्या मुलाशी मोठमोठ्यानं बोलणारे काका-काकू दिसायला लागले. 2015 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आले. दर कोसळले, पण आईच्या डोक्यातलं मीटर काही थांबलं नाही. आणि मीटर चालू असताना आई कधीच वाईट बातमी सांगत नाही. "इथं सगळं मस्त आहे, तुम्ही मजा करा", बस्स. घरात कुणाला ताप असला तरी.

आता थोडा रोमिंगचा फंडा. तुमच्या भारतीय नंबरवर कुणी फोन केला, की तो आधी तुमच्या इथल्या कंपनीकडे येतो आणि तिथून समुद्रापार, तुम्ही ज्या परदेशी नेटवर्कवर आहात तिथे जातो. फोन करणाऱ्याला नेहमीचाच दर पडतो. पुढच्या प्रवासाचे पैसे तुमच्या माथी! म्हणून परदेशात इनकमिंगही महाग पडतं. बीचवर आडवे झालेले असताना "मॅडम, पर्सनल लोन हवंय का?" असं कुणी विचारलं, तर ते ऐकण्याचे पैसे आपणच मोजायचे. तेव्हा बॉस, अनोळखी नंबर उचलायचा नाही.

आम्ही दोन सिमची दोन कामं वाटून टाकली. नवऱ्याच्या फोनमध्ये तिथलं प्रीपेड सिम, भरपूर डेटावालं. ते विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळालं. (मुंबईकरांसाठी एक गंमत : तिथल्या मोबाइल कंपन्यांपैकी एक चक्क आपल्या एमटीएनएलनं 2000 च्या दशकात काढलेली. महानगर टेलिफोन मॉरिशस लिमिटेड!) त्याच्या हॉटस्पॉटवर माझाही फोन चालायचा. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर जुनाच ठेवला, त्यामुळे घरच्यांना नवा नंबर पाठ करायला नको.

माझ्या फोनमध्ये भारतीय सिम चालू, रोमिंगचं सगळ्यात छोटं पॅक आणि डेटा रोमिंग बंद. हे सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी आणि इमर्जन्सीसाठी. येणाऱ्या एसएमएसचे पैसे लागणार नाहीत, हे निघण्याआधी कंपनीला विचारून घेतलं होतं. कॉल फॉरवर्डिंगही काढून टाकलं. आपण न उचललेला कॉल परदेशातून वळून पुन्हा भारतात गेला, तर जाण्याचे आणि येण्याचे असे दुहेरी पैसे बसू शकतात.

आईशी कोड ठरला. एक रिंग देऊन कट केलं, तर मी सवडीनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोन करणार. लागोपाठ दोनदा वाजला, तर पाण्यात असले तरी बाहेर येऊन उचलणार. मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे. आईची मालिका रात्री आठला. म्हणून रोजची वेळ तिच्या साडेसातची, माझ्या सहाची. हॉटेलच्या लॉबीत वाय-फाय एकदम झकास.

तरी पहिल्या दिवशी दोन मिनिटांत आवाज आलाच, "बरं, ठेवते गं, बिल चढत असेल."

"आई, हे फुकट आहे. कितीही वेळ बोल."

"फुकट कसं असेल? समुद्रापलीकडे आहेस ना?"

मग मी तिला सांगितलं, की समुद्राच्या तळाशी केबल आहे. 2002 मध्ये सुरू झालेली 'सेफ' नावाची एक केबल मॉरिशसहून थेट कोचीला येते. इंटरनेटवरचा आवाज अशाच केबलमधून जातो आणि त्यात मिनिटं मोजत नाहीत. तिला 'कोची' हा शब्द पटला. समुद्राचं दुसरं टोक ओळखीचं निघालं ना!

तिसऱ्या दिवशी आम्ही बावीस मिनिटं बोललो. भेंडीचा भाव, शेजारच्यांचं पाहुणेपण, कामवालीची सुट्टी. साधारण चौदाव्या मिनिटाला, भेंडीच्याच सुरात आई म्हणाली, "यांनी ती रक्त पातळ ठेवायची गोळी दोन दिवस बंद केलीय. पित्त होतं म्हणतात."

माझ्या पोटात गोळा आला. स्टेंट बसवल्यावर ही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. मी लगेच आत्तेभावाला फोन लावला, तो त्याच रात्री बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, पित्तासाठी वेगळी दिली आणि बाबांना चांगलंच झापलं. दोन मिनिटांच्या कॉलमध्ये हे मला कधीच कळलं नसतं. आई लपवत नव्हती. तिच्या हिशेबात ही बातमी महागड्या मिनिटांच्या लायकीची नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट बघितला. 1834 पासून भारतातून साडेचार लाखांवर मजूर करार करून या बेटावर आले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांमुळे आज तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून वाटलं, या माणसांना 'सुखरूप पोचलो' एवढं घरी कळवायला किती महिने लागले असतील! आणि आपण फुकटच्या वाय-फायवर 'नंतर बोलू' म्हणतो.

तेव्हा पैसे जरूर वाचवा, पण मिनिटांचे नाही, दराचे. जायच्या आठवडाभर आधी घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल उचलायला शिकवा. या खोलीतून त्या खोलीत चार वेळा करून बघा. चष्म्याशिवाय हिरवं बटण दिसतं का, तेही तपासा. वेळ ठरवा, कोड ठरवा. आणि कॉल लागला, की "कशी आहेस?" नंतर विचारा. आधी सांगा, "आई, हा फुकट आहे."