मसाई मारा आणि सफर आखणाऱ्या बेन

सफारी म्हटले की आपल्याकडे आधी आठवतो तो सफारी सूट! चार खिशांचा, अर्ध्या बाह्यांचा, ऑफिसपासून लग्नसमारंभापर्यंत सगळीकडे चालणारा. मूळ शब्दाचा मात्र कपड्यांशी काही संबंध नाही. स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे नुसता प्रवास, आणि तो शब्द आला अरबी 'सफर'वरून. आपण सफर म्हणतो तोच हा. कामासाठी परगावी निघालेल्या माणसालासुद्धा केनियात 'सफारी न्जेमा', म्हणजे प्रवास सुखाचा होवो, असे म्हणून निरोप देतात.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेकडे नैरोबीला तीन आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा असे ओळखीचे वाटणारे बरेच शब्द कानांवर पडले. गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', चहाला 'चाय' आणि चपातीला चक्क 'चपाती'! यामागे मोठा इतिहास आहे. 1896 ते 1901 या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच दगावले. नैरोबी शहर वसले तेच मुळी 1899 साली या रेल्वेचे ठाणे म्हणून. रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानदार आले नि तिथलेच झाले.

नणंदेच्या शेजारी राहतात त्या अशाच एका दुकानदाराची नात. सगळे त्यांना 'बेन' म्हणतात, म्हणून मीही बेनच म्हणू लागले. गेली वीस वर्षे त्या परदेशी पाहुण्यांच्या सफारी आखून देतात, आणि त्याही साध्या नव्हेत, अगदी उंची. एका सफारीच्या खर्चात आपल्याकडे एखाद्या मुलीचे लग्न थाटात लागावे! घरातल्याच एका खोलीत त्यांचे ऑफिस. भिंतीवर मोठा नकाशा, शेजारी वर्षाचे कॅलेंडर, आणि टेबलावर फोन, कॉम्प्युटर नि खारे शेंगदाणे.

हा धंदा कसा उभा राहिला तेही बेननीच सांगितले. शंभर वर्षांपूर्वी सफारी म्हणजे शिकार. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 साली मुलाला घेऊन आले, तेव्हा बापलेकांनी मिळून 512 जनावरे मारली. 1977 साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. पण त्याआधीच काही जणांनी काळाची पावले ओळखली होती. जेफ्री केंट हा तरुण केनियातल्या इंग्रज शेतकऱ्याचा मुलगा. 1962 साली, देश स्वतंत्र होण्याच्या बेतात असताना, त्याने आईवडिलांबरोबर 'ॲबरक्रॉम्बी अँड केंट' ही कंपनी काढली. यांतले ॲबरक्रॉम्बी कोण म्हणाल, तर कुणीच नाही! टेलिफोनच्या यादीत नाव सगळ्यांत वर यावे म्हणून घेतलेले ते आडनाव. बंदुकीऐवजी कॅमेरा घ्या, आणि रानातही थंडगार बर्फासकट सगळ्या सुखसोयी मिळवा, ही त्याची कल्पना. पुढे ती जगभर गाजली.

"पण बेन, तंबू, जेवण, गाडी हे सगळं कॅम्पवाले देतात. मग लोक पैसे तुम्हाला कशाला देतात?" मी आपले सरळ विचारले.

बेन हसल्या. म्हणाल्या, "लग्नात जेवण आचारीच करतो ना? तरी घरात एक काकी लागतेच. कुणाला डायबेटीस, कुणाशी कुणाचं बोलणं नाही, हे सगळं तिला ठाऊक असतं. ती काकी म्हणजे मी."

आणि खरेच, त्यांचे फोन ऐकले तर बहुतेक प्रश्न घरगुतीच. आजींना उंच जीपमध्ये चढता येईल का? मुले किती वर्षांची? (लहान मुलांना कित्येक कॅम्प घेत नाहीत.) कांदा-लसूण चालतो का? बऱ्याच कॅम्पच्या मसाई आचाऱ्यांना जैन जेवण येते, ते बेनसारख्यांनीच शिकवून ठेवलेले. आपल्याकडच्या पाहुण्यांचा एक प्रश्न हमखास, "वाघ दिसेल ना?" आफ्रिकेच्या रानात वाघ नाही, सिंह, बिबळ्या नि चित्ता आहेत, हे त्या न कंटाळता सांगतात.

त्यानंतर येते ते कॅलेंडर. विल्डबीस्ट नावाचे दाढीवाले, दुरून गुरांसारखे दिसणारे हरिणकुळातले जनावर दहा लाखांहून अधिक संख्येने पावसामागे, गवतामागे वर्षभर फिरत असते. जानेवारी-फेब्रुवारीत टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला त्यांची वासरे जन्मतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर हे कळप केनियाच्या मसाई मारात येतात, मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. तेव्हा गर्दीही तितकीच. परदेशी प्रौढ पाहुण्यांना राखीव रानाची फी 2024 पासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, आणि जुलैपासून 200. "कळप अमक्या तारखेला नदी उतरतील असं सांगणारा एजंट भेटला तर समजावं, तो रानात कधी गेलेला नाही," असे बेन म्हणतात.

मे महिना पावसाचा, म्हणून त्यांना जरा सवड होती. वर्षातून एकदा त्या कॅम्प स्वतः जाऊन तपासून येतात. या खेपेस मलाही बरोबर घेतले. विमानतळ विल्सन. 1929 साली फ्लोरेन्स विल्सन या बाईंनी नैरोबीत विमान कंपनी काढली, त्यांचे नाव या विमानतळाला आहे. विमान लहान, म्हणून सामान माणशी 15 किलोच, आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची टणक बॅग चालत नाही. पाऊण तासाने खाली हिरवेगार गवत, त्यात छत्रीसारख्या बाभळी, आणि ठिपक्यांसारखे हत्ती. माती पाहिली तर काळी, चिकट, थेट आपल्या मराठवाड्यातली! चाके त्या चिखलात घसरत होती नि ड्रायव्हर शांतपणे शीळ घालत होता. पहिल्याच तासाभरात वारुळावर उभे राहून टेहळणी करणारे टोपी हरीण दिसले, आणि पुढे पावसात भिजत बसलेली सिंहिणींची मंडळी. छाव्यांना चाटत होत्या. आमच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

कॅम्प पाहून मात्र मी थक्क झाले. तंबू कसला, दिवाणखानाच तो! पलंग, गालिचा, न्हाणीघर, रात्री गारठा म्हणून अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. भोवती कुंपण नाही, म्हणून अंधार पडला की पहारेकऱ्याला घेतल्याशिवाय तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही. बेननी या तंबूत फार तर पाच मिनिटे घालवली. स्वयंपाकघरात मात्र तासभर. भाजी कुठून येते, पाणी कुठले, कचरा कुठे जातो, नोकरमाणसे झोपतात ती जागा कोरडी आहे का, हे सगळे पाहिले. सून पाहायला गेलेली चतुर बाई मागच्या अंगणातून फिरून येते ना, तसे.

शेवटी मॅनेजरला विचारले, "जमिनीचं भाडं वेळेवर देता ना?"

या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला. मसाई मारा हे सरकारी राखीव रान सुमारे 1510 चौरस किलोमीटरचे. पण जनावरांना हद्द ठाऊक नसते. भोवतालची जमीन मसाई कुटुंबांची, वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर झालेली. ती प्रत्येकाने कुंपण घालून बंद केली, तर हत्तीने नि विल्डबीस्टने जायचे कुठून? म्हणून शेकडो कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पना भाड्याने दिले. अशा रानाला तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. त्यांतली 'नाबोइशो' ही 2010 साली सुरू झाली. भाडे ठरलेले, पाहुणे येवोत न येवोत, ते द्यायचे. गुरे ठरल्या जागी पाळीपाळीने चरतात. तंबू मोजके, गाड्या मोजक्या. म्हणजे त्या उंची तंबूतली शांतता ही पाहुण्याने विकत घेतलेली असते, पण ती विकणारा असतो गुरे राखणारा शेतकरी.

2020 साली कोरोनात विमाने थांबली, तेव्हा हे सगळे कोलमडण्याच्या बेतात आले. कॅम्प रिकामे, भाड्याला कात्री. बेनचे पाहुणे पैसे परत मागू लागले. त्यांची स्वतःची मिळकत तर शून्यावर आलेली. "एकेकाला फोन करत होते," त्या सांगत होत्या. "म्हटलं, रद्द करू नका, पुढच्या वर्षावर ढकला. पैसे कॅम्पकडे राहिले तर थोडं तरी भाडं जाईल. नाहीतर तुम्ही याल तेव्हा इथे तारेचं कुंपण दिसेल." निम्म्यांहून जास्त लोकांनी ऐकले. ज्यांनी ऐकले नाही, त्यांचे पैसे फेडायला बेननी आपल्या बांगड्या मोडल्या. हे त्यांनी नाही, नणंदेने मला सांगितले.

परत येताना आम्ही एका वस्तीवर थांबलो. मसाईंची घरे बायकाच बांधतात. काठ्या, माती नि शेण. सारवलेल्या भिंतीचा तो वास मला आजोळी घेऊन गेला. जमिनीचा कागद मात्र बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावाचा, त्यामुळे भाडेही त्याच्याच हाती. एक बाई मण्यांची माळ ओवत बसली होती. पांढरा मणी दुधाचा, निळा आभाळाचा, हिरवा गवताचा, असे तिने बोट ठेवून समजावले. मी माळ घेतली. बेननी माझ्या वतीने पैसे दिले ते एम-पेसावरून. फोनवरून पैसे पाठवण्याची ही सोय केनियात 2007 साली सुरू झाली. त्या बाईचा फोन वाजला. तिने पाहिला, आणि घरात न ठेवता पदरासारख्या त्या लाल वस्त्रात खोचला. तिथे उभ्या असलेल्या आम्हा सगळ्याजणींना त्याचा अर्थ कळला, भाषेची गरज लागली नाही.

जाता जाता, कुणाचा केनियाला जाण्याचा योग असेल तर बेननी दिलेल्या चार गोष्टी सांगते. पीतज्वराची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्यावी; दाखला जपून ठेवावा, भारतात परतताना तो मागतात, नसेल तर अडकवून ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावेत. आणि सफारी साधी असो की उंची, पैसे भरण्याआधी एजंटला एक प्रश्न जरूर विचारावा: ज्या जमिनीवर आपण राहणार, तिच्या मालकाला काय मिळते? बेन म्हणतात, उत्तर नसेल त्याने फोन ठेवायची घाई केली की आपणही ठेवावा.